आधी कोण गेलं?

कोलोनच्या आमच्या मराठी मंडळात नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सगळे सांगतात, "या काकू हरवलेली माणसं शोधतात." मग तो नवा माणूस, बहुधा पुण्याहून नुकताच आलेला आयटीवाला, डोळे मोठे करतो आणि दोन मिनिटांत आपलं काम काढतो. त्याचा फ्लॅटमेट त्याची सायकल घेऊन गायब झालेला असतो, नाहीतर विमानात आईच्या लोणच्याची बॅग हरवलेली असते. बाबा रे, मी महायुद्धात हरवलेल्यांना शोधायचे, लोणचं माझ्या खात्यात येत नाही, असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. आता मी निवृत्त झाले आहे, पण ओळख तीच राहिली.

पुण्यात जर्मन शिकलेली मुलगी या उद्योगात कशी पडली, ते सोडून देते. त्यात फक्त माझ्या आईला रस होता. काम काय असायचं ते सांगते. कोणीतरी आमच्या कार्यालयाला विचारणा पाठवतं: माझे आजोबा, माझा काका, अमुक गावचा, शेवटची खबर अमुक ठिकाणाहून. आम्ही आधी कबरी बघतो, कारण मेलेला माणूस फारशी जागा बदलत नाही. मग छावण्या, इस्पितळं, कारखाने. जिवंत माणसांकडे सगळ्यात शेवटी वळायचं, कारण तिथे इथला डाटेनशुट्झ, खासगी माहिती जपायचा कायदा, आडवा येतो. जिवंत माणूस सापडला तरी त्याचा पत्ता कोणाला द्यायचा नाही. आधी त्यालाच विचारायचं, तुम्हाला सापडायचं आहे का? नको म्हणणारे कमी नसतात. अशा वेळी तो माणूस कुठे राहतो हे आम्हाला ठाऊक असतं आणि विचारणाऱ्याला मात्र 'माहिती देता येत नाही' असं कळवावं लागतं. त्या दिवशी जेवण जात नाही.

आमच्याकडे इटालियन फार. ऐन युद्धात इटलीने जर्मनीची साथ सोडली आणि कालचे दोस्त एका रात्रीत कैदी झाले. गाड्या भरभरून इटालियन सैनिक इकडे कामाला आणले. त्यांची नातवंडं अजून विचारत असतात. एका इटालियन आजोबांना असा हरवलेला भाऊ हवा होता. तो इथेच, त्यांच्या घरापासून दोन ट्राम स्टॉपवर निघाला. दोघे एकदा भेटले, कॉफी प्यायले आणि पुन्हा कधी भेटले नाहीत. का, ते दोघांनीही सांगितलं नाही. माझ्या शेफिनला, म्हणजे साहेबीणबाईंना, त्याचं काही वाटलं नाही. "आपलं काम शोधण्याचं. पुढचं त्यांचं," असं म्हणून त्या फायराबेंड झाला, कामाची वेळ संपली, की पर्स उचलून निघायच्या. मला ते कधी जमलं नाही. माणूस सापडला म्हणजे नक्की काय झालं, याचा माझा गोंधळ पहिल्या दिवशी होता तेवढाच शेवटच्या दिवशी होता.

माझी एक सवय होती. घरच्यांशी बोलताना मी हमखास विचारायचे, ते खायचे काय? शेफिन हसायच्या. पण नाव लोक बदलतात, वयात थापा मारतात, गावही दुसरंच सांगतात. खाण्याबद्दल खोटं बोलायचं कोणाला सुचत नाही.

निखिलची विचारणा आली ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात. निखिल वोल्फ्सबुर्गला सॉफ्टवेअरमध्ये. मूळचं घराणं साताऱ्याकडच्या एका खेड्यातलं. त्याचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात इटालियनांच्या हाती सापडले आणि इटलीतल्या छावणीत कैदी म्हणून गेले. तिथून घरी एक खुशालीचं पत्र आलं, पुढे काही नाही. निखिलने शुद्ध जर्मनमध्ये लिहिलं होतं: मृत्यूचं ठिकाण आणि कबर कळावी.

इटलीच्या छावणीच्या कागदांत पणजोबा सापडले. पण इटलीने बाजू बदलली त्या सप्टेंबरात छावणीवरचे पहारेकरी पळून गेले, दारं उघडी पडली. काही कैदी डोंगरात शिरले, बाकीच्यांना जर्मनांनी पकडून इकडे आणलं. म्हणून मी इकडच्या कबरी बघितल्या. नाहीत. तिकडच्या बघितल्या. नाहीत. छावण्या, इस्पितळं, सगळं पालथं घातलं. हिवाळाभर मी त्या माणसाला मेलेल्यांमध्ये शोधत होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर निखिलच्या घरी बाळ आलं आणि पणतूचं तोंड बघायला त्याचे आजोबा, आबा, वोल्फ्सबुर्गला आले. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी केलेले. ज्यांना मी शोधत होते त्यांचा हा एकुलता एक मुलगा. वडील पलटणीबरोबर गेले तेव्हा आबा पाळण्यात होते. एकदा निखिलशी फोनवर बोलत असताना त्यांनी फोन मागून घेतला.

"ताई, ऐका. माझा प्रश्न हा पोरगा तुम्हाला सांगतच नाही."

"बोला ना आबा."

"आधी कोण गेलं, एवढंच सांगा. माझी आई का माझा बाप?"

मला काही उलगडेना. मागून निखिल कुजबुजला, "काकू, सॉरी हां. ते त्यांचं श्राद्धाचं काहीतरी आहे. जर्मनमध्ये कसं लिहिणार ते? म्हणून मी डायरेक्ट कबरच विचारली."

मग आबांनी सगळं सांगितलं. सरकारने वडिलांना मेलेलं धरलं आणि आईला पेन्शन लावून दिली. त्यासाठी फक्त अंगठा उठवायचा होता, विधवा म्हणून. आईने उठवला नाही. माझा माणूस जिवंत आहे, म्हणाली. कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन तिने मुलगा वाढवला. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवायचं नाही, बोलावलं तर बायका एकमेकींकडे बघायच्या. दुष्काळाच्या साली ती गेली, कुंकवासकट. नवरा मागे असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. आबा तेव्हापासून आईची नवमी करत होते आणि भावकी तोंडावर हसत होती. बाप कुठे मरून पडला त्याचा पत्ता नाही आणि हा आईची नवमी घालतोय!

"मी आईच्या शब्दावर करत आलो," आबा म्हणाले. "पण मलाच खात्री नाही, ताई. दरवर्षी पान वाढताना वाटतं, आपण तिला खोटं जेवायला घालतोय. मी आता किती दिवसांचा? एकदा कळू दे."

फोन ठेवून मी डोक्याला हात लावला. आबांनी मुळात विचारलं होतं की आई गेली तेव्हा बाप मेला होता का. निखिलने विचारलं, कुठे मेला. आणि मी इतक्या वर्षांची मुरलेली, जिवंत माणसांकडे बघायचं सुचलंच नाही. कोणी कबर मागितली की आम्ही कबर शोधायचो.

छावणीच्या आसपासच्या डोंगराळ गावांत मी नव्याने विचारणा सुरू केली. एका खेड्यातल्या पाद्रींचं उत्तर आलं. होय, आमच्याकडे एक हिंदी सैनिक लपला होता. पुढे त्याने आमच्या धर्मात येऊन इथल्याच नावाने इथल्याच मुलीशी लग्न केलं. म्हातारा होऊन वारला, इथेच पुरला आहे. जुनं नाव आता कोणाला सांगता येत नाही. त्याची मुलगी रोझा लग्न होऊन जर्मनीत गेली, र्युसेल्सहाइमला. पाद्रींनी सांगितलेलं मरणाचं साल दुष्काळाच्या कितीतरी नंतरचं होतं. म्हणजे हा हिंदी माणूस आबांचा बाप असेल, तर आई खरी होती. पण त्या डोंगरात लपलेले हिंदी सैनिक थोडे नव्हते. हा आपला कशावरून?

नियमाप्रमाणे आधी रोझाबाईंना विचारलं, तुम्हाला सापडायचं आहे का? पुष्कळ दिवस उत्तर नाही. एक दिवस त्यांचाच फोन आला, मागे त्यांच्या आइसकॅफेतल्या, म्हणजे आइसक्रीमच्या दुकानातल्या, यंत्राची घरघर.

"आल्झो, हे बघा, माझे पापा हिंदी होते. पण त्यांना तिकडे कोणी नव्हतं. काही चूक होते आहे तुमची."

"असेल," मी म्हटलं. "एक विचारू? ते खायचे काय?"

त्या हसल्या. "हो हो, सगळे हसायचे त्यांना! आमच्याकडे मक्याचं पीठ शिजवून खातात. पापा ते मळायचे, हातावर थापायचे, थप थप थप. तव्यावर टाकलं की वरून पाणी फिरवायचे. मग उलटून थेट निखाऱ्यावर. मम्मा म्हणायची, भाजायचं आहे तर ओलं कशाला करतोस?"

हा माणूस साताऱ्याचा असेल नाहीतर दुसरीकडचा, पण भाकरीवर पाणी फिरवणारा होता. शेफिनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा काही पुरावा नाही." त्यांचंही बरोबरच होतं. पण त्यांनी कधी भाकरी थापली नव्हती. मी रोझाबाईंना विचारलं, एक वृद्ध गृहस्थ एक फोटो घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल का? पुन्हा बरेच दिवस गेले. मग, "येऊ द्या," एवढाच निरोप आला.

निखिलने सुट्टी काढली आणि गाडीने आबांना घेऊन आला. मी कोलोनहून गेले. ऑगस्टमधला दिवस, आइसकॅफेसमोर मुलांची रांग. आबांनी पांढरा सदरा, टोपी घातलेली आणि हातात रुमालात गुंडाळलेला फोटो. लग्नानंतर साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला, आई खुर्चीत आणि बाप गणवेशात उभा. फोटोतला माणूस तो नसला तर या म्हाताऱ्याला तसंच परत न्यायचं, आणि असला तर काय, तेही मला कळत नव्हतं.

रोझाबाई साठीच्या वाटाव्यात अशा, प्रत्यक्षात ऐंशीला टेकलेल्या. एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"पापा," त्या म्हणाल्या. मग बोट खुर्चीतल्या बाईवर ठेवून, "ही कोण?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि माझं जर्मनच आटलं. कसं सांगायचं? तुमच्या वडिलांची बायको? पहिली बायको? मी म्हटलं, "या आबांच्या आई." रोझाबाईंनी आबांकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. माझी मम्मा मग कोण होती, हे त्यांनी विचारलं नाही, पण ते टेबलावर येऊन बसलंच.

आबांना त्याचं काही नव्हतं. ते माझ्या हाताला धरून विचारत होते, "ताई, विचारा. कधी गेला?"

"माझी मुलगी पोटात होती तेव्हा," रोझाबाई म्हणाल्या. मुलगी मागे गल्ल्यावर होती, चाळिशी ओलांडलेली.

"दुष्काळानंतर?"

"दुष्काळानंतर कितीतरी वर्षांनी, आबा."

आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "आई खरी होती," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "आई खरी होती रे निखिल." आणि मला वाटलं आता रडतील, तर ते एकदम उसळले. "मग आला का नाही? जिवंत होता, हातीपायी धड होता. दोन ओळी टाकता येत नव्हत्या? ती उन्हात खुरपत होती आणि हा इकडे संसार मांडून बसला!"

बाहेरच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली. निखिल "आबा, प्लीज" म्हणत पाणी पुढे करत होता. रोझाबाईंना भाषा कळली नाही, पण राग कळला. हे भाषांतर करायचं का नाही, मला ठरवता येईना. शेवटी केलं.

त्यांनी फोटो उचलून पुन्हा जवळून बघितला. मग म्हणाल्या, "पापा एकदा मम्माजवळ बोलले होते. मम्माने मरायच्या आधी मला सांगितलं. आम्हा दोघींना त्याचा अर्थ कधी लागला नाही. म्हणाले होते, तिकडे मी मेलो आहे, आणि माझ्या मरणावर एक बाई जेवते आहे. मी परत गेलो तर तिचं ताट जाईल."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा निखिललाही काही कळलं नाही. आबांना कळलं. पळून राहिलेला शिपाई परत गेला असता तर शिक्षा झाली असती आणि बायकोची पेन्शन थांबली असती, असा त्याचा हिशेब होता. ती पेन्शन जेवते आहे असं समजून तो आला नाही. तो येणार असं समजून तिने पेन्शन घेतली नाही.

"आईने अंगठाच दिला नव्हता," आबा म्हणाले. इतक्या हळू की ते मी भाषांतर केलं नाही.

आजही मला ठरवता येत नाही. त्या माणसाला खरंच तसं वाटत होतं, का नव्या संसारात रमल्यावर सोयीचं कारण सापडलं? शिक्षेला भ्याला? मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं आहे, स्वयंपाक करताना, ट्राममध्ये. कधी त्याची बाजू घेते, कधी त्या माउलीची, आणि कधी दोन्ही बायकांच्या वाटेला काय आलं याने जीव कासावीस होतो. आयुष्यभर लोकांना उत्तरं पुरवली, पण हे काही सुटत नाही.

त्या दिवशी टेबलावरून रोझाबाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता निघा म्हणतील. तेवढ्यात आतून आवाज आला. थप, थप, थप. आबांनी मान वर केली. आइसकॅफेच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात ही इटालियन बाई मक्याचं पीठ हातावर थापत होती. वरून पाणी फिरवलं, उलटली, गॅसवर धरली. ताटलीत घालून आबांपुढे ठेवली आणि स्वतः शेजारी उभी राहिली, जेवायला वाढून बाई उभी राहते तशी.

आबांनी एक तुकडा मोडला, बोटात धरून बघितला आणि हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

"काठ जाड आहे," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" रोझाबाईंनी घाबरून विचारलं.

"बाप रजेवर आला की हौसेने भाकरी करायचा. पलटणीत शिकला होता. आई सांगायची, ह्यांना सगळं जमतं, फक्त काठ जाड राहतो." आबा तुकडा चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हिला सांगा ताई, काठ जाड आहे. तशीच आहे."

मी सांगितलं. रोझाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. निघताना एकच विचारलं, "तुमची आई इतकी वर्षं कशी थांबली?"

"थांबली नाही," आबा म्हणाले. "तिला माहीतच होतं."

पितृपक्षाच्या आधी आबा गावी परतले. नवमीच्या दुपारी त्यांचा फोन आला. सगळी भावकी बोलावली होती आणि यायला कोणी चुकलं नाही. बापही गेल्याचं आता कळलं, तेव्हा आईची नवमी यापुढे बंद करायची असं भटजी म्हणाले. म्हणून ही शेवटची, मोठी केली. नवमीला एका सवाशिणीला जेवायला घालून साडी देतात. या वर्षी त्यांनी कोणाला दिली नव्हती.

"हिरवी घेतली आहे, चांगली काठापदराची. निखिलकडे पाठवतो आहे. तुम्ही रोझाला नेऊन द्या आणि नेसवा."

मी चाचरले. रोझाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे आबांना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे दुसरं होतं कोण?

"आबा, एक सांगायचं राहिलं. त्या... त्यांचे मिस्टर नाहीत आता. म्हणजे नवमीची साडी त्यांना..."

पलीकडे पंगतीत कोणीतरी पाणी मागत होतं.

"ताई," आबा म्हणाले, "माझ्या आईनं कुंकू लावावं का नाही, हे गावानं ठरवलं, सरकारनं ठरवलं, आणि सगळे चुकले. आता रोझाचं तुम्ही आणि मी ठरवायचं? नेसवा तिला."